ऑगस्टच्या कॅम्पवरून कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्स कोण जिंकणार हे कळतं का?

नाही, नुसत्या कॅम्पच्या (हंगामाआधीच्या सराव शिबिराच्या) बातम्या आणि नव्या खेळाडूंची यादी पाहून कॉन्फरन्सचा (आपसात खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटाचा) विजेता सांगता येत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) 2024चा हंगामच बघा. बिग 12 या कॉन्फरन्समध्ये तेव्हा 16 संघ होते आणि हंगामाआधी पत्रकारांनी ॲरिझोना स्टेटला सोळावं, म्हणजे तळाला ठेवलं होतं. त्याच संघाने अंतिम सामन्यात आयोवा स्टेटला 45-19 असं लोळवून विजेतेपद नेलं! क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) सॅम लेव्हिट मिशिगन स्टेटहून त्याच वर्षी आलेला. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) कॅम स्कॅटेबो आदल्या वर्षी सॅक्रामेंटो स्टेटहून. उलट एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये पत्रकारांची पहिली पसंती असलेल्या फ्लोरिडा स्टेटने अनुभवी क्वार्टरबॅक बाहेरून आणला, तरी 12 पैकी 10 सामने हरले.

कारण सोपं आहे. कॅम्पमध्ये संघ आपल्याच खेळाडूंशी खेळतो, तेव्हा बचाव भारी दिसला तर आक्रमण कच्चं असू शकतं. पहिले दोन दिवस तर फक्त हेल्मेट घालून सराव, खरी धडकाधडकी नंतर. शिवाय बातम्या बहुतेक प्रशिक्षकच पुरवतात, आणि ऑगस्टमध्ये कुठला प्रशिक्षक आपला संघ ढिला आहे म्हणेल?

मात्र दुखापतींच्या आणि सामन्याला सुरुवातीपासून उतरणारा क्वार्टरबॅक कोण ठरला याच्या बातम्या जरूर वाचा. ऑफेन्सिव्ह लाइनमधले (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतले) दोघे कॅम्पमध्येच जायबंदी झाले, तर ते डिसेंबरपर्यंत भोवतं.