पाण्याकाठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) लावायची असेल तर
पहिल्यांदाच जातोयस ना, मग नुसता पाण्याचा फोटो बघून साईट, म्हणजे गाडी लावायची जागा, बुक करू नकोस, आधी तुझी आरव्ही त्या साईटच्या लांबीत बसते का आणि हूकअप, म्हणजे तिथली वीजजोडणी, ३० अँपचं आहे की ५० चं ते बघ. समुद्राकाठी खरा त्रास वाऱ्याचा आणि खाऱ्या हवेचा, ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत, उघडी टाकून फिरायला गेलास तर एका झोताने दांडे वाकतात म्हणून निघताना गुंडाळूनच ठेव, आणि घरी आलास की खालची चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), पायऱ्या, बिजागऱ्या सगळं गोड्या पाण्याने नीट धू, नाहीतर गंज धरतोच. वाळूत चाकं रुततात, पक्का पॅड असलेलीच साईट घे. धरणाच्या तलावात उन्हाळ्याअखेर पाणी खाली जातं आणि साईटपुढे नुसता चिखल उरतो, त्यामुळे बुकिंगआधी फोन करून पातळी विचारच. सुरुवातीला मी तर तलावच सुचवेन, वारा कमी असतो.