सरकारी शास्त्रज्ञाला आंतरराष्ट्रीय पर्यावरण-ऊर्जा कामासाठी नोकरी सोडावी लागते का?

नाही, सुरुवातीला तरी नाही. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती. तिच्या कार्यपद्धतीनुसार अहवालाच्या लेखकांची नावं सरकारं किंवा निरीक्षक संस्था सुचवतात; आयपीसीसी त्यांना पगार देत नाही. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत मात्र ठरावीक मुदतीच्या पगारी जागा असतात. वातावरण-शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन यांचंच बघा: नासात असताना ओझोनच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनांचं नेतृत्व, मग व्हाइट हाउस, जागतिक बँक आणि १९९७ मध्ये आयपीसीसीचं अध्यक्षपद. शेकडो शास्त्रज्ञांना एका मसुद्यावर एकत्र आणण्याची हातोटी, हीच या वाटेवरची खरी पात्रता, असं माझं ठाम मत आहे. फक्त निवडून येण्याच्या पदांना स्वतःच्या सरकारचा पाठिंबा लागतो. २००२ मध्ये अमेरिकेने तो दिला नाही आणि वॉटसन यांचं अध्यक्षपद गेलं.