स्पीड गन बॅगेत ठेव, बॅटरकडे बघ

तुझा मेसेज वाचला, त्या कॉलेजच्या बेसबॉल पिचरवर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोरावर, तू लिहिलेला स्काउटिंग रिपोर्ट पण वाचला आणि व्हिडिओ दोनदा बघितला. चार पानं लिहिलीयस. बॉल किती फिरतो तो स्पिन रेट आहे, हातातून कुठे सुटतो तो रिलीज पॉइंट आहे, किती पुढे येऊन सोडतो ते एक्स्टेन्शन आहे, आणि शेवटी विचारतोयस की काका, मशीन म्हणतंय हा पोरगा ड्राफ्टच्या, म्हणजे प्रो टीम नवी पोरं निवडतात त्या निवडीच्या, पहिल्या राउंडचा आहे पण माझं मन मानत नाही, मग कोणाचं ऐकू? अरे, मशीन आणि मन दोन्ही जरा बाजूला ठेव. चार पानांत बॅटर कुठाय? ज्याच्यासमोर हा बॉल टाकतोय त्याचं काय झालं, यावर एक ओळ नाही. झोप लागत नाही म्हणतोस, कशी लागेल.

चौथी इनिंग परत लाव. तो उंच डावखुरा बॅटर. ताशी 97 मैलांचे तीन फास्टबॉल, तिन्ही फाउल, म्हणजे बॅटला लागून हद्दीबाहेर, आणि तिन्ही सरळ मागे जाळीवर. तू लिहिलंयस, ‘बॅटरला फास्टबॉल झेपला नाही’. सरळ मागे गेलेला फाउल म्हणजे टायमिंग बरोबर होतं, बॅट केसभर खालून गेली एवढंच. खरंच उशीर होत असता तर डावखुऱ्याचा फाउल थर्ड बेसकडे गेला असता. मग सहाव्या इनिंगला त्याच बॅटरने स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा बॉल, सोडून दिला, खांदासुद्धा हलला नाही त्याचा. म्हणजे बॉल हातातून सुटतानाच त्याला कळलं होतं. का कळलं? पिचरचा हात जरा खालून येतो का, ग्लोव्हमध्ये पकड बदलताना दिसते का? हे शोधायला तुला पाठवलं होतं, आणि तू खाली मान घालून गनवरचे आकडे उतरवत बसलास.

आणि फास्टबॉलला 70 कशाच्या जोरावर दिलास? स्काउटच्या 20 ते 80 च्या स्केलवर 50 म्हणजे मेजर लीगमधला, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधला, सरासरी, आणि तिथल्या फास्टबॉलचा सरासरी स्पीडच आता 94 च्या आसपास आहे. तिथले बॅटर रोज हेच खेळतात. सरळ आलेला 97 त्यांना चालतो. 70 मशीन देत नाही, बॅटर देतो.

लहानपणी आपण क्रिकेट बघायचो तेव्हा बॉलर किती फास्ट आहे हे कळायला गन होती का? बॅट्समनचे पाय बघायचो, मागे सरकतोय की पुढे येतोय. इथे पण तेच आहे.

कॉलेजच्या स्कोअरशीटवर तर अजिबात जाऊ नकोस. बॅट धातूची असते. आतला फास्टबॉल हँडलजवळ लागतो आणि तरी बॉल इनफिल्डवरून पलीकडे पडतो, शीटवर हिट लागतो, पण लाकडी बॅट असती तर ती तुटून सोपा आउट झाला असता. तो बॉल पिचरने जिंकलाय, शीट म्हणतं हरला. उलटंही होतं, मंगळवार-बुधवारच्या मॅचमध्ये कमजोर टीमची पोरं जमिनीत आपटणाऱ्या स्लायडरवर बॅट फिरवतात आणि आपल्याला वाटतं वा, काय स्ट्राइकआउट. प्रो बॅटर तो बॉल सोडतो आणि चालत फर्स्ट बेसवर जातो. म्हणून शुक्रवारची मॅच बघ, तगड्या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, आणि त्यातही तिसरा-चौथा बॅटर, जो स्वतः ड्राफ्टमध्ये जाणार आहे. पहिल्यांदा समोर आला तेव्हा काय केलं आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा काय केलं, एवढं लिही. उन्हाळ्यात जमलं तर केप कॉडला, कॉलेजच्या पोरांच्या उन्हाळी लीगला, जा, तिथे बॅट लाकडी असते.

पिचर गेरिट कोल यूसीएलए कॉलेजच्या शेवटच्या सीझनला, 2011 ला, 6 जिंकला आणि 8 हरला होता, तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिला पिक तोच होता. शेन बीबर सँटा बार्बराला स्कॉलरशिपशिवाय गेला होता, गन कधी त्याच्यावर खूश नव्हती, 2016 ला चौथ्या राउंडला निवडला गेला आणि 2020 ला एकमताने साय यंग, सर्वोत्तम पिचरचं अवॉर्ड, मिळालं. पुढे स्टार झालेला जेकब डिग्रॉम स्टेट्सन कॉलेजला शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डर, होता, उशिरा पिचर झाला, 2010 च्या नवव्या राउंडला 272 वा पिक. आणि मार्क अ‍ॅपेल? स्टॅनफर्ड, उंची, स्पीड, सगळं होतं, 2013 चा पहिला पिक. पुढच्याच वर्षी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या प्रो लीगमध्ये, बॅटर्सनी त्याला भरपूर मारलं. दुखापती झाल्या, मान्य, माणूसही जिद्दीचा, 30 व्या वर्षी, 2022 ला, मेजर लीग खेळलाच. पण त्याचा ड्राफ्ट रिपोर्ट लिहायला आज मला बसवलं तरी मी आधी हेच विचारेन की बॅटर त्याच्यासमोर घाबरत होते का.

तुला वाटेल काका एकच रेकॉर्ड लावतात. लावतो. एका छोट्या कॉलेजचा एक राइटहँडर होता, 88-89 टाकायचा, आणि त्याच्या चेंजअपवर, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसून हळू येणाऱ्या बॉलवर, चांगले चांगले बॅटर गुडघ्यावर यायचे, पुढच्या इनिंगला डगआउटमध्ये बसून हाताने एकमेकांना दाखवायचे की बॉल कुठे गेला. मी हे सगळं लिहून दिलं, बॅटरच्या नंबरासकट. मीटिंगमध्ये वरच्यांनी स्पीड विचारला, मी सांगितला, आणि पान उलटलं. दुसऱ्या टीमने अगदी खालच्या राउंडला उचलला त्याला. मायनर लीगच्या डबल-ए पायरीवर खांदा गेला, ते नशीब. पण खांदा जाईपर्यंत तिथल्याही बॅटर्सना तो चेंजअप कळला नाही, आणि हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन. हळहळ एवढीच की तेव्हा मी खुर्चीवरून उठून बोललो नाही. तू उठ.

हाताचं दुखणं, एमआरआय, त्यात पडू नकोस, ते डॉक्टर बघतील. तू फक्त एका दिवसात किती पिच टाकले आणि मधे किती दिवस विश्रांती मिळाली हे नोंदव. कॉलेजचा स्टार्टर आठवड्यातून एकदा येतो, प्रोमध्ये पाच-सहा दिवसांनी पाळी येते, दम तिथे लागतो.

तुझ्यात डोळा आहे रे, नाहीतर मन मानत नाही असं लिहिलंच नसतंस. पण का मानत नाही हे तुला सांगता येत नाहीये, आणि मीटिंगमध्ये कोणी ऐकून घेणार नाही तुझ्या मनाचं. बॅटरने काय केलं ते सांगितलंस तर ऐकावं लागेल.

पुढच्या शुक्रवारी तोच पोरगा टाकतोय ना? जा परत. गन बॅगेत ठेव, आकडा शेजारच्याला विचारला तरी मिळतो. पहिल्या दोन इनिंग होम प्लेटच्या मागे बसू नकोस, फर्स्ट बेसच्या बाजूला बस, तिथून उजव्या बॅटरची छाती आणि हात समोर दिसतात. प्रत्येक बॅटरचा नंबर आणि पुढे तीनच गोष्टी: फाउल कुठे गेला, काय सोडलं, कशावर उशीर झाला. शनिवारी सकाळी फोन कर, रिपोर्ट नको, तो कागद वाचून दाखव.