वाचकांचे प्रश्न : वस्तऱ्यांसाठी घरच्या डब्यांचा स्टँड

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. आजोबांचे वस्तरे जुन्या ट्रंकेत सापडले. धार लावून आणल्यापासून मी आळीपाळीने त्यांनीच दाढी करतो. ते उभे ठेवण्यासाठी घरातल्या रिकाम्या डब्यांतून एखादा स्टँड करावा, असे मनात आहे. घरात खानापूरच्या मातीची एक बरणीही रिकामी आहे. परंतु पावसाळ्यात आमच्याकडे दाराची कडीसुद्धा गंजते, म्हणून विचारतो : कोणते भांडे घ्यावे आणि वस्तरा त्यात कसा ठेवावा? एका वस्तऱ्याची मूठ पिवळसर कचकड्याची आहे आणि नेमके त्याचेच पाते वरचेवर डागाळते. याचे कारण काय असावे?
— एक वाचक, तालुका खानापूर

उत्तर : आपण गंजाचा विचार आधी केलात, हे फार बरे झाले. जुन्या वस्तऱ्यांचे पोलाद बहुधा साधे, कर्बयुक्त असते. त्यात स्टेनलेस पोलादाप्रमाणे क्रोमियम नसल्यामुळे ओल राहिली की ते एका रात्रीतही डाग धरते. त्यामुळे स्टँडचे खरे काम वस्तऱ्याभोवती हवा खेळती ठेवण्याचे आहे, आणि भांड्याची निवडही त्याच कसोटीवर करावी. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत जे भांडे चालून जाईल, ते कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चालेलच असे नाही.

मातीची बरणी आतून-बाहेरून झिलईची असेल तर हरकत नाही. झिलई नसेल, तर मात्र ती वापरू नये, कारण भाजलेली कोरी माती हवेतील दमटपणा शोषून घेते आणि पाणी गार ठेवणारा तिचा गुण येथे पोलादाच्या मुळावर येतो. पत्र्याचा डबा कापला की कापलेल्या कडेला स्वतःच गंजू लागतो. मिठाचा डबा कितीही धुतलेला असला तरी घेऊ नये. सर्वांत सोयीची म्हणजे जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची आणि घट्ट झाकणाची बरणी, जशी तुपाची किंवा लोणच्याची असते. तेलकटपणा व वास जाईपर्यंत ती गरम पाण्याने व साबणाने धुवावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी.

मिटलेला वस्तरा साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटर लांब भरतो. तेव्हा बरणी अकरा-बारा सेंटिमीटर उंचीची असावी, म्हणजे मुठीचा वरचा भाग बोटांत धरण्याइतका बाहेर राहील. झाकणावर सुमारे तीन सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद अशा खाचा, दोन खाचांमध्ये निदान चार सेंटिमीटर अंतर सोडून, आखाव्यात. अंतर कमी पडले तर एक वस्तरा उचलताना बोट दुसऱ्याला लागते. कापण्यापूर्वी आपला सर्वांत रुंद वस्तरा मिटून झाकणावर ठेवावा आणि खाचेचे माप त्यावरून पक्के करावे. खाचांच्या कडा बारीक पॉलिश कागदाने घासाव्यात. बरणीच्या बाजूंना, तळाजवळ आणि वरच्या अंगाला, पेन्सिल जाईल एवढी भोके पाडावीत, म्हणजे हवा खालून शिरून वर निघेल. तळाशी मुलांच्या काचेच्या गोट्यांचा एक थर द्यावा. गोट्या ओल धरत नाहीत, त्यांच्यातून हवा फिरते आणि त्यांच्या वजनामुळे धक्का लागला तरी बरणी सहसा कलंडत नाही. त्यांच्यावर प्लास्टिकच्या जाळीचा गोल तुकडा ठेवावा, म्हणजे मुठीचे टोक काचेवर आपटणार नाही. कापूस, बनात किंवा स्पंज तळाला घालण्याचा मोह मात्र टाळावा.

वस्तरा ठेवताना तो पूर्ण मिटलेला असावा आणि ज्या खिळ्यावर पाते फिरते तो खिळा वरच्या बाजूला यावा. तसे केल्याने पाते आपल्याच वजनाने मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये लोंबत राहते. उलटा ठेवल्यास आणि खिळा सैल असल्यास ते बाहेर झुकू शकते. याच कारणाने, खिळ्यापलीकडे वर आलेल्या पात्याच्या शेपटीला धरून वस्तरा कधीही उचलू नये, कारण पाते तिथूनच उघडते. मुठीच्या दोन्ही पट्ट्या चिमटीत धरूनच तो काढावा.

कितीही चांगला स्टँड केला तरी ओला वस्तरा त्यात ठेवला तर उपयोग नाही. दाढी झाल्यावर पाते पुसून, खिळ्याजवळच्या फटीतले पाणी मऊ कापडाच्या टोकाने टिपून घ्यावे आणि वस्तरा अर्धा-पाऊण तास मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी उघडा ठेवून मगच मिटावा. रोज वापरातल्या पात्याला एरवी तेलाची गरज नसते. पावसाळ्यात किंवा चार दिवस वापर नसताना शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. खोबरेल तेल आपल्याकडच्या पौषातल्या थंडीत थिजते, आणि शेंगतेल कालांतराने चिकट होते. स्टँड न्हाणीघरात ठेवू नये, कारण बंबाच्या वाफेने तिथली हवा सतत दमट असते. मातीच्या भिंतीतला कोनाडाही आषाढ-श्रावणात ओल धरतो. माजघरातले लाकडी फडताळ त्याहून बरे.

आता कचकड्याच्या मुठीविषयी. कचकडा म्हणजे सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून तो होतो, म्हणून मूठ कापडाने जोरात घासून गरम केली की अनेकदा कापराचा वास येतो. जुना झाल्यावर तो आतून विघटित होऊ लागतो आणि त्यातून आम्लधर्मी वायू बाहेर पडतात. पाते मिटलेले असताना ते नेमके याच वायूंच्या सान्निध्यात राहते, म्हणून इतर वस्तरे स्वच्छ असताना हाच डागाळत असावा. मुठीला बारीक तडे गेले असतील किंवा ती चिकट लागत असेल, तर विघटन सुरू झाले आहे असे समजावे आणि तो वस्तरा या बरणीत अजिबात ठेवू नये, कारण त्याचे वायू शेजारच्या पात्यांनाही बाधतात. बंद डब्यात तर तो मुळीच कोंडू नये. तो वेगळा, उघड्या हवेत ठेवावा. कचकडा सहज पेट घेतो, म्हणून चूल, देवघरातला दिवा आणि खिडकीतले कडक ऊन यांपासूनही दूर ठेवावा. पाते आपल्याला प्रिय असेल, तर जाणत्या कारागिराकडून खिळा काढून मूठ शिंगाची किंवा सागवानी बसवून घ्यावी. तेवढे झाले की याही वस्तऱ्याला बरणीत जागा देता येईल.