पोटावरचा हात

श्रावण संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू झालेला असतो आणि स्वमग्न मुलांचे आईबाप टेकीला आलेले असतात. "मॅडम, ऑटिझमच्या मुलांना संगीताने फरक पडतो म्हणतात. आमच्याला तर आवाजच सहन होत नाही. मग काय करायचं?" अलीकडे त्याला एक शेपूटही जोडलं गेलंय. "चारी बाजूंनी नाद घुमवणारा हेडफोन मिळतो, त्याने मेंदू शांत होतो म्हणे. घेऊन टाकू का?"

दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एका घराची हकीकत लिहिते. नावगाव आणि तपशील बदलले आहेत.

ओम दहा वर्षांचा. बोलणं मोजकं, आणि त्यातला सगळ्यात वापरातला शब्द 'बंद'. वडील नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत शिफ्ट करतात आणि अठरा वर्षांपासून पथकात ढोल वाजवतात. नाशिक ढोलाचं नाव पार परगावच्या लग्नांपर्यंत पोचलेलं, आणि त्याच घरातला हा मुलगा लांबून ठेका ऐकू आला तरी पलंगाखाली शिरायचा.

"सवय झालीच पाहिजे, मॅडम," वडील पहिल्याच भेटीत म्हणाले. "नाशकात राहायचं आणि ढोलाला घाबरायचं, कसं चालेल?" त्यासाठी ते त्याला दोनदा सरावाला घेऊनही गेले होते. दोन्ही वेळा त्याला उचलून आणावं लागलं.

माणसाला त्याचे हट्टी 'पाहिजेच' त्रास देतात असं सांगणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचत मी समुपदेशनाच्या या कामात आले. त्यामुळे समोरचा माणूस बोलू लागला की माझा कान आधी 'झालीच पाहिजे'मधला तो हट्टाचा 'च' शोधतो. इथे तो पहिल्याच वाक्यात सापडला, आणि मी (खोटं कशाला बोलू) जरा खूश झाले. आता वडिलांचा 'च' सोडवायचा, मुलाला कान झाकणारे इअरमफ द्यायचे, काम झालं. ओमने इअरमफ कुरकुर न करता घातले. कॉलनीत पथक आलं तेव्हा ते घालूनच तो किंचाळत होता. पुढच्या भेटीत वडील एवढंच म्हणाले, "बघा."

गाडी हलली ती आईमुळे. निघताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? मिक्सर लावला की हा कानावर हात ठेवतो. ढोलाला नाही ठेवत. ढोलाला पोट धरतो."

मी फाइल उघडली. पहिल्या भेटीच्या टिपणात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'पोट धरतो. भूक?'

इअरमफ बारीक, कर्कश आवाज चांगला अडवतो. ढोलाचा खर्ज त्याला तितकासा जुमानत नाही. तो जमिनीतून, छातीच्या फासळ्यांतून आत शिरतो. आपण त्याला अंगात येणं म्हणतो आणि नाचतो. आपल्या डोक्यात पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न यांची आपोआप चाळणी होते. या मुलांपैकी अनेकांची चाळणी वेगळी असते. सगळंच एकदम, सारख्याच जोराने आत येतं. हे लाडाने बिघडणं नव्हे. २०१३ सालापासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, संवेदनांची अशी तीव्र किंवा फार मंद प्रतिक्रिया हे स्वमग्नतेचं एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे.

आता संगीताचं. 'कोणता राग लावू?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम काढला ते हे गाव, त्यामुळे तो भाबडेपणा मला आवडतोही. पण औषधासारखा राग नसतो. २०१७ साली नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरचा मोठा अभ्यास आला. मुलासोबत सुचेल तसं गात-वाजवत केलेल्या उत्स्फूर्त संगीत-थेरपीने स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. २०२२ मध्ये २६ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा एकूण सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यांत मात्र फायदा दिसला. म्हणून 'संगीताने बरा होईल का' असं विचारलंत तर मी नाही म्हणते. 'घरातले दिवस सोपे होतील का' असं विचारलंत तर म्हणते, करून बघू.

आणि तो महागडा हेडफोन? गाळून घेतलेलं संगीत ऐकवून मेंदू बदलून देण्याची जी पॅकेजं विकतात, त्यांच्या दाव्यांना भक्कम आधार नाही. पैसे ठेवा. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात मंद उजेड, मऊ गाद्या आणि हलका नाद असलेल्या खोल्यांची कल्पना निघाली. तिच्यातलं घेण्यासारखं घरीच घेता येतं. एका कोपऱ्यात गोधडी, अंधूक दिवा, एकच आवाज : तंबोरा म्हणा, पाऊस म्हणा, सोमेश्वरच्या धबधब्याचं फोनवरचं रेकॉर्डिंग म्हणा. आवाज इतका की आपण साध्या सुरात बोललेलं त्याला ऐकू जावं. हेडफोन वापरलाच तर मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबल. इअरमफ वरातीपुरते, दिवसभर नकोत. एकच गाणं पन्नास वेळा लावतो म्हणून रडू नका. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असलेली दिवसातली ती एकच गोष्ट असेल. हे सगळं करण्याआधी कान एकदा तपासून घ्या. आणि मुख्य म्हणजे बटण त्याच्या हातात द्या.

ओमच्या बाबतीत बटण कुठलं, हे मला आईच्या त्या वाक्यानंतर उमगलं. ते त्याच्याकडे होतंच, फक्त त्याची वायर कुठे जोडलेली नव्हती.

वरच्या मजल्यावरचा दवाखाना बंद असतो अशा एका दुपारी वडील ढोल घेऊन माझ्याकडे आले. ढोल सतरंजीवर आडवा, टिपरू पिशवीत, वाजवायचं फक्त बोटाने. नियम एकच : ओम 'बंद' म्हणाला की तिथेच थांबायचं.

"ठेका अर्धा सोडायचा?" त्यांनी विचारलं. माझं बाकी सगळं त्यांनी ऐकलं होतं, हे मात्र जड गेलं.

ओम दाराला पाठ लावून उभा. वडिलांनी ढोलाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या ताणलेल्या पडद्यावर, बोट टेकवलं. टक. "बंद." थांबले. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. ओम बापाच्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघत होता. पुन्हा टक. "बंद." थांबले. मी मोजत होते, असं अकरा वेळा झालं. सहाव्या वेळी तो सतरंजीवर आला. नवव्या वेळी त्याने ढोलाच्या दुसऱ्या बाजूच्या पानावर तळहात ठेवला. दहाव्याला टक व्हायच्या आधीच "बंद" म्हणाला आणि हसला. बापाला फसवलं होतं त्याने! अकराव्यानंतर त्याने वडिलांचं बोट धरलं आणि स्वतः पानावर नेऊन ठेवलं.

वडील वाजवत गेले. सात, आठ, नऊ ठोके. 'बंद' आलं नाही.

नंतर ढोलाच्या दोऱ्या उगाच चाचपत ते म्हणाले, "हा इतकी वर्षं बंद म्हणत होता, मॅडम. मी वाजवत होतो."

मी काही बोलले नाही. त्यांचा 'च' सोडवण्यासाठी माझ्याकडे तीन भेटींची तयारी होती, ती तशीच फाइलमध्ये राहिली. मला वाटतं, माझ्या कामातला तो सगळ्यात चांगला गप्प बसण्याचा क्षण असावा.

मिरवणुकीला ओम गेला नाही, पुढच्या वर्षीही बहुधा जाणार नाही. अनंत चतुर्दशीला तो आणि आई आजीकडे थांबले आणि वडील पथकात मनसोक्त वाजवून आले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत ठेवलेल्या ढोलापाशी ओम गेला, पानावर तळहात ठेवून म्हणाला, "बंद."

"बंदच आहे, राजा," वडील म्हणाले. आईने फोनवर सांगितलं तेव्हा हा 'च' मी चालवून घेतला.