सोसायटीला आधारची झेरॉक्स द्यायची का?

ताई, तुम्ही नव्याने भाड्याने राहायला आलात आणि सेक्रेटरी म्हणताहेत, घरातल्या सगळ्यांच्या आधारचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. वाद घालू नका, पण ग्रुपवर एकही फोटो टाकू नका. तिथे पडलेला फोटो घराघरांतल्या मोबाइलच्या गॅलरीत जाऊन बसतो, मग तुम्ही डिलीट करून काय उपयोग?

त्यांना मास्क्ड आधारची प्रत हातात द्या. आधारच्या वेबसाइटवर डाउनलोड करताना तो पर्याय येतो, त्यात 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात. प्रतीवर पेनाने आडवं लिहा, ‘फक्त सोसायटीच्या नोंदीसाठी’, आणि तारीख घाला. अक्षरं फोटोवरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते.

प्रिंट कुठे काढता तेही बघा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी प्रिंटसाठी उभा होतो, तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर अनोळखी लोकांच्या आधारच्या पीडीएफ ओळीने पडलेल्या. पासवर्ड असतो ना, म्हणाल. तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली 4 अक्षरं आणि जन्मसाल! आपली फाइल डिलीट करून, रिसायकल बिनही रिकामी करूनच तिथून हला.

एवढी काळजी कशासाठी, तर गावोगावी बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या एजंटकडे, अंगठा लावून पैसे काढतात, त्या आधार पेमेंटमध्ये आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. ओटीपी नाही, पिन नाही. तेलंगण, हरियाणात जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून लोकांची खाती रिकामी केली गेली. पिन बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

म्हणून आज रात्रीच आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमचा ठसा कुठे चालणारच नाही. ओटीपीची कामं तरीही चालू राहतात. गावाकडे आईवडील असतील तर त्यांचंही करा, त्यांच्या खात्याचे मेसेज बहुतेक वेळा कोणी वाचत नाही. फक्त रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा लावायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडावं लागेल. थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. आणि न काढलेले पैसे गेल्याचा मेसेज आलाच, तर सकाळची वाट न बघता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला लेखी कळवा.