पेट स्कॅनच्या बिलातलं ‘एफडीजी’ म्हणजे काय आणि ते बाहेरून स्वस्तात आणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना पेट-सीटी सांगितलाय, पुण्यातल्या एका सेंटरने 11 हजार सांगितले, दुसऱ्याने 21 हजार, आणि दुसऱ्याच्या एस्टिमेटमध्ये ‘एफडीजी इंजेक्शन’ अशी वेगळी ओळ आहे. केमोची औषधं जशी होलसेलवाल्याकडून आणतो तसं हे आणून दिलं तर चालेल का?

नाही चालणार. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे आणि हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफडीजी म्हणजे ग्लुकोजसारखाच एक रेणू, फक्त त्याला किरणोत्सारी फ्लोरीन-18 जोडलेलं असतं. स्कॅनआधी ते टोचतात आणि शरीरात ते कुठे जमलं ते मशीन टिपतं. ते कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही, कारण ते ठेवताच येत नाही. दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. पहाटे सहाला जेवढं हातात आलं, त्यातलं दुपारी बाराला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ते सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ बनवणाऱ्या मोठ्या यंत्रात, रोजच्या रोज बनवावं लागतं. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला सुरू झाला. आता खासगी सायक्लोट्रॉनही आहेत आणि बहुतेक सेंटरं त्यांच्याकडूनच माल घेतात. शिवाय घेणाऱ्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. पेशंटच्या नातेवाइकाला ही बाटली कोणी देणारच नाही.

आमच्याकडे ती सकाळी शिशाच्या जाड भांड्यात येते. भांडं तळहाताएवढं, पण उचलताना मनगट दुखतं. आत बाटलीच्या तळाशी थोडंसं पाण्यासारखं द्रव. लेबलवर किती वाजता किती मिलीक्युरी (किरणोत्साराचं माप) होते ते लिहिलेलं असतं आणि आम्ही पहिल्यांदा घड्याळ बघतो. मग प्रत्येक पेशंटच्या वजनाप्रमाणे साधारण आठ-दहा मिलीक्युरी काढायचे. सातच्या पेशंटला जेवढे थेंब लागतात, त्याच्या दुपटीहून जास्त साडेनऊच्या पेशंटला लागतात, कारण तोवर त्यातला जोर गेलेला असतो. सेंटरवाले पहाटे बोलावतात आणि उशीर झाला की चिडतात, ते यामुळे.

किमतीचा खरा हिशोब इथे आहे. तुम्ही पैसे औषधाच्या वजनाचे देत नाही. वाटेत जे उडून गेलं त्याचे आणि त्या दिवशी त्या बाटलीत वाटेकरी किती होते त्याचे देता. शेअर रिक्षा भरली तर माणशी वीस, नाहीतर स्पेशलचं भाडं, तसंच. ज्या सेंटरला रोज पंधरा-वीस पेशंट आहेत त्याला एक डोस काही हजारांत पडतो. जिथे तीन-चारच पेशंट आणि गाडी चार तास लांबून येते, तिथे पोचेपर्यंत पाऊण भागाहून जास्त माल संपलेला असतो, पण पैसे निघाला तेव्हाच्या मालाचे मोजावे लागतात. लहान शहरांत पेट स्कॅन ठरावीक वारीच करतात, त्याचं कारण हेच.

तरीही 11 आणि 21 मधला सगळा फरक एफडीजीचा नाही. महाराष्ट्रात खासगीत पूर्ण शरीराचा एफडीजी पेट-सीटी ढोबळमानाने दहा ते पंचवीस हजारांत होतो आणि त्यातला मोठा भाग कोट्यवधींच्या मशीनचे हप्ते, मेंटेनन्स आणि रिपोर्ट करणारे डॉक्टर यांचा असतो. एफडीजीची वेगळी ओळ दाखवायची की सगळं पॅकेजमध्ये घालायचं हा ज्याचा त्याचा हिशोब. मला स्वतःला वेगळी ओळ आवडत नाही. फोनवर एक आकडा आणि काउंटरवर दुसरा, यात पेशंट भरडला जातो. म्हणून फोनवर सरळ विचारा: इंजेक्शन, कॉन्ट्रास्ट (सीटीत अवयव ठळक दिसावेत म्हणून देतात ते औषध), सीडी आणि रिपोर्ट धरून हातात किती? कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची रक्ततपासणी लागते, ती बाहेरून आधीच करून नेली तर बहुतेक ठिकाणी चालते. बाहेरून आणण्यासारखं एवढंच.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसएमए (एफडीजीऐवजी दुसरं किरणोत्सारी औषध टोचून करतात तो पेट स्कॅन) सांगितला असेल तर आकडा वर जाईल. त्यातलं गॅलियम-68 तर 68 मिनिटांतच निम्मं होतं. ते सेंटरमधल्याच जनरेटरमधून (विजेच्या नव्हे, किरणोत्सारी पदार्थ देत राहणाऱ्या छोट्या उपकरणातून) काढतात. हा जनरेटर परदेशातून येतो, किंमत लाखांत, वर्षभरात त्याचा जोर सरतो, आणि एका वेळी दोन-तीन पेशंटपुरतंच निघतं.

उलट बोन स्कॅन किंवा किडनीचा डीटीपीए स्कॅन पुष्कळ स्वस्त, साधारण तीन ते सहा हजार. त्यातलं टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य सहा तासांनी निम्मं होतं, पण त्याचा जनरेटर आठवडाभर रोज सकाळी ‘दुहता’ येतो. वाशीची ब्रिट ही सरकारी संस्था जनरेटर आणि किट (ज्यात टेक्नेशियम मिसळतात त्या औषधाच्या बाटल्या) दोन्ही पुरवते. आठवड्याच्या शेवटी त्यात चौथाईच्या आसपास उरतं, म्हणून तारीख सोमवार-मंगळवारची देतात. याचा कच्चा माल जगातल्या मोजक्याच अणुभट्ट्यांतून येतो. 2009 मध्ये कॅनडाची एक भट्टी बंद पडली तेव्हा जगभर तुटवडा झाला होता.

पैशांची ओढाताण असेल तर आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. बाहेर स्वखर्चाने स्कॅन करून मग बिल दिलं तर पैसे परत मिळत नाहीत. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर समाजसेवकाकडे रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, सवलतीचं विचारायला लाजू नका. टाटा मेमोरियलमध्ये जनरल वर्गात नाव असेल तर दर पुष्कळ कमी, पण तारीख लांबची मिळू शकते. मेडिक्लेम असेल आणि पुढे वडिलांना ॲडमिट करणार असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्कं बिल जपून ठेवा. ॲडमिशनच्या आधीच्या साधारण 30 दिवसांतला खर्च बऱ्याच पॉलिसींत धरतात.

आणि वडिलांना डायबेटिस आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. शुगर 200 च्या वर गेली तर स्कॅन बहुधा पुढे ढकलतात आणि त्यांच्या नावाचा डोस वाया जातो. काही सेंटरं त्याचे पैसे कापून घेतात. चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी भरपूर, चहा-बिस्कीटसुद्धा नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन कधी घ्यायचं ते आदल्या दिवशीच सेंटरला फोन करून विचारून घ्या. यायला जमणार नसेल तर तेही आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, कारण दुसऱ्या दिवशीच्या मालाची ऑर्डर तेव्हाच जाते.